रंगसंवेदनेची समानता आणि मर्ढेकरांचे लयतत्त्व : पवनीच्या विणकामाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

एका व्यक्तीला तांबडा म्हणून जो रंग दिसतो तो दुसऱ्या व्यक्तीलाही तसाच दिसतो काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या इतिहासात जुना आहे. मराठी सौंदर्यविचारात मात्र तो प्रश्नाच्या रूपाने येण्याऐवजी बहुधा गृहीतकाच्या रूपाने वावरतो. चित्राची, वस्त्राची किंवा कवितेतील रंगप्रतिमेची चर्चा करताना समीक्षक 'आपल्याला' काय दिसते याविषयी बोलतो आणि या 'आपल्या'त सर्व प्रेक्षकांचा व वाचकांचा समावेश आहे असे समजून चालतो. हे समजणे कितपत युक्त आहे, हे तपासण्यासाठी बा. सी. मर्ढेकर यांचा सौंदर्यविचार विशेष उपयोगी ठरतो. संवेदना हेच ललित कलेचे माध्यम आहे, अशी भूमिका मराठीत त्यांच्याइतक्या आग्रहाने फार थोड्यांनी मांडली आहे. 'सौंदर्य आणि साहित्य' हा त्यांचा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला आणि १९५६ साली त्यास साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या विचाराची परीक्षा करण्यासाठी प्रस्तुत लेखात भंडारा जिल्ह्यातील पवनी येथील विणकामाचा आधार घेतला आहे. वैनगंगेच्या काठी वसलेले हे गाव अभ्यासकांना मुख्यतः नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० साली केलेल्या उत्खननामुळे व तेथील प्राचीन स्तूपांमुळे परिचित आहे. परंतु कोष्टी समाजाच्या हातमागाची दीर्घ परंपरा हीदेखील पवनीची तितकीच महत्त्वाची ओळख होय. रंगांचे परस्परसंबंध हा जिथे चर्चेचा नसून रोजच्या कामाचा विषय आहे, अशा ठिकाणी सौंदर्यशास्त्रीय सिद्धान्ताची कसोटी अधिक स्पष्टपणे लागते.

मर्ढेकरांची भूमिका :

मर्ढेकरांच्या मते प्रत्येक ललित कलेला तिचे स्वतःचे संवेदनात्मक माध्यम असते. संगीताचे माध्यम स्वर, तर चित्रकलेच्या माध्यमात रंगाला महत्त्वाचे स्थान. मात्र सौंदर्य हे कोणत्याही एका सुट्या संवेदनेत नसते. ते संवेदनांच्या परस्परसंबंधांत असते. हे संबंध संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी नियंत्रित होतात. संवेदनांची या तत्त्वांनुसार झालेली रचना म्हणजे लय, आणि या लयीचा प्रत्यय म्हणजे सौंदर्यप्रत्यय, असा या विचाराचा सारांश सांगता येईल.

या भूमिकेचे सामर्थ्य ती संबंधांवर भर देते यात आहे. रंग एकटा कधीच दिसत नाही, ही गोष्ट विणकरांना व रंगाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फ्रान्समधील गोबलँ या राजकीय वस्त्रनिर्मितीशाळेत १८२४ साली रंगविभागाचा प्रमुख म्हणून मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. काही काळे धागे विणल्यानंतर फिके दिसतात, अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासाअंती त्याला आढळले की धाग्याच्या रंगात दोष नव्हता. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी आल्यामुळे तो काळा आपले गडदपण गमावत होता. १८३९ साली त्याने या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. रंगाचे मूल्य शेजारच्या रंगावर अवलंबून असते, हे मर्ढेकरांच्या विरोधतत्त्वाला अनुकूल असेच निरीक्षण आहे.

परंतु या भूमिकेत एक गृहीतक दडलेले आहे. एका प्रेक्षकाला जिथे विरोध जाणवतो तिथे दुसऱ्यालाही विरोधच जाणवेल, एकाला जो समतोल वाटतो तो दुसऱ्यालाही समतोलच वाटेल, हे ते गृहीतक होय. लय वस्तुनिष्ठ आहे असे म्हणावयाचे तर ते मान्य करावेच लागते. संवेदना मात्र व्यक्तीच्या ठायी असते. व्यक्तीच्या ठायी असलेल्या माध्यमातून सर्वांना समान अशी लय कशी सिद्ध होते, हा खरा प्रश्न आहे.

उलटा वर्णपट आणि लयतत्त्व :

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९० सालच्या आपल्या ग्रंथात एक कल्पना मांडली आहे. एका माणसाला झेंडूच्या फुलाने जी संवेदना होते तीच दुसऱ्या माणसाला जांभळ्या फुलाने होत असेल, आणि याउलटही असेल, तर काय होईल? दोघेही लहानपणापासून झेंडूला पिवळाच म्हणत आलेले असतील. दोघांच्या बोलण्यात व वागण्यात कोठेही फरक पडणार नाही आणि दोघांतील भेद कधीही उघडकीस येणार नाही. ही 'उलट्या वर्णपटा'ची कल्पना आजही तत्त्वज्ञानाच्या वर्गात चर्चिली जाते.

ही कल्पना मर्ढेकरांच्या सिद्धान्ताला बाधक आहे असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुतः तसे नाही. सौंदर्य सुट्या संवेदनेत नसून संबंधांत असेल, तर सर्व रंग एकाच नियमाने बदलले तरी त्यांचे परस्परसंबंध कायम राहतील. जिथे विरोध होता तिथे विरोध आणि जिथे संवाद होता तिथे संवादच राहील. एखादी चीज सर्वस्वी खालच्या पट्टीत गायिली तरी तिची ओळख बदलत नाही, तसेच हे आहे. लॉकच्या शंकेतून लयतत्त्व सुरक्षितपणे बाहेर पडते, असे म्हणता येते.

मात्र रंगांचे संबंध स्वरांच्या पट्टीइतके सममित नाहीत, हेही येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. पिवळा रंग पूर्ण शुद्ध असतानाच सर्वांत उजळ दिसतो. निळा व जांभळा शुद्ध असताना गडद दिसतात. ज्याचा पिवळा आणि जांभळा यांची अदलाबदल झाली आहे, त्याला लिंबाचा रंग गडद आणि वांग्याचा रंग उजळ दिसला पाहिजे. आणि मग त्याच्या बोलण्यात तो भेद कधी ना कधी प्रकट होईल. संपूर्णपणे लपून राहणारी अदलाबदल कल्पनेत जितकी सोपी वाटते तितकी प्रत्यक्षात नाही. म्हणून लॉकचा प्रश्न जेथे अडतो तेथे न अडता, माणसामाणसांच्या दृष्टीत जे भेद खरोखर आढळतात त्यांच्याकडे वळणे अधिक फलदायी ठरते.

दृष्टिभेदाचे वास्तव :

मानवी दृष्टिपटलात सामान्यतः तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात आणि त्यांच्या प्रतिसादांच्या तुलनेतून रंगाचे ज्ञान घडते. यांपैकी एका प्रकारच्या पेशी नसल्या किंवा त्यांची संवेदनक्षमता सरकलेली असली तर रंगदृष्टी बदलते. तांबडा-हिरवा भेद मंद असण्याचे प्रमाण उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के व स्त्रियांत सुमारे अर्धा टक्का आहे. आशियाई पुरुषांत ते याहून कमी आढळते. संबंधित जनुके क्ष गुणसूत्रावर असल्याने हा भेद पुरुषांत अधिक दिसतो. अणुसिद्धान्ताचा प्रवर्तक जॉन डाल्टन याची दृष्टी अशीच होती. १७९२ साली जिरेनियमचे एक फूल दिवसा आणि मेणबत्तीच्या उजेडात पाहताना त्याच्या हे ध्यानात आले. तेव्हा त्याचे वय २६ होते. १७९४ साली त्याने मँचेस्टर येथे यावर निबंध वाचला. त्याचे जतन केलेले डोळे तपासून १९९५ साली जनुकीय पुराव्याने त्याच्या दृष्टिभेदाचा प्रकार निश्चित करण्यात आला.

डाल्टनसारख्या सूक्ष्म निरीक्षकाला आपल्या डोळ्यांविषयी इतकी वर्षे काही कळू नये, याचे कारण भाषेत आहे. मराठीत डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, गुलबक्षी, अबोली, श्रीखंडी, पोपटी अशी अनेक रंगनामे वस्तूंवरून आलेली आहेत. ज्याला डाळिंब ठाऊक आहे तो, त्याला डाळिंब कसेही दिसत असले तरी, 'डाळिंबी' हा शब्द बरोबर वापरू शकतो. भाषा वस्तूंच्या आधारे एकवाक्यता निर्माण करते आणि त्या एकवाक्यतेखाली दृष्टीतील भेद झाकले जातात.

हा भेद केवळ 'रंगांध' व 'सामान्य' एवढाच नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सामान्य रंगदृष्टीच्या पुरुषांची तपासणी करण्यात आली. तांबड्या बाजूच्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या प्रथिनात १८० व्या स्थानी सुमारे ६२ टक्के पुरुषांत सेरीन, तर सुमारे ३८ टक्के पुरुषांत ॲलनीन हे अमायनो आम्ल आढळले. तांबडा व हिरवा प्रकाश मिसळून ठरावीक पिवळा जुळवावयास सांगितला असता या दोन गटांची जुळणी वेगवेगळी येते. दोन्ही गट सर्व प्रचलित अर्थांनी निर्दोष दृष्टीचे आहेत. तरीही एकाची अचूक जुळणी दुसऱ्याला किंचित चुकलेली दिसते.

याउलट, १९९९ साली दोन सामान्य दृष्टीच्या व्यक्तींच्या दृष्टिपटलाचे प्रत्यक्ष चित्रण करण्यात आले, तेव्हा तांबड्या व हिरव्या बाजूच्या शंकुपेशींचे परस्परप्रमाण एकात जवळजवळ चारास एक आणि दुसऱ्यात जवळजवळ एकास एक आढळले. एवढा शारीरिक फरक असूनही 'शुद्ध पिवळा' कोणता, याविषयी दोघांचे उत्तर जवळपास एकच होते. 'शुद्ध हिरवा' कोणता, याबाबत मात्र सामान्य दृष्टीच्या व्यक्तींची उत्तरे सुमारे ४९० ते ५५५ नॅनोमीटर एवढ्या विस्तृत पट्ट्यात विखुरलेली आढळतात. यावरून दोन गोष्टी सूचित होतात. डोळे भिन्न असूनही समान जगात वावरल्यामुळे मेंदू काही बाबतींत एकवाक्यता साधतो. आणि ही एकवाक्यता सर्व रंगांच्या बाबतींत सारखी नसते.

२०१५ साली जगभर चर्चेचा विषय झालेले एका पोशाखाचे छायाचित्र हेच दर्शविते. तो पोशाख निळा-काळा होता; परंतु छायाचित्र पाहणाऱ्या अनेकांना तो पांढरा-सोनेरी दिसला. प्रकाश कोणत्या प्रकारचा आहे, याविषयी पाहणाऱ्याच्या मनात नकळत झालेला समज येथे निर्णायक ठरला, असे स्पष्टीकरण अभ्यासकांनी दिले आहे.

या वास्तवापुढे लयतत्त्व लॉकच्या कल्पनेपुढे जितके सुरक्षित होते तितके राहत नाही. उलट्या वर्णपटात संबंध टिकतात. प्रत्यक्ष दृष्टिभेदात संबंधच बदलतात. सारख्याच उजळपणाचे तांबडे व हिरवे शेजारी ठेवले तर एकाला तीव्र विरोध जाणवेल आणि दुसऱ्याला जवळजवळ संवाद. मर्ढेकरांच्या सिद्धान्ताची खरी अडचण येथे आहे.

पिवळा शंख : दोष की भेद? :

या अडचणीवर भारतीय परंपरेत एक उत्तर उपलब्ध आहे. न्याय-वैशेषिक मतानुसार रूप म्हणजे रंग हा द्रव्याच्या ठायी असणारा गुण असून तो केवळ चक्षूने ग्रहण होतो. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित, कपिश आणि चित्र असे रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत. कावीळ झालेल्या माणसाला शंख पिवळा दिसतो, हे भ्रमाचे परंपरागत उदाहरण आहे. शंख पांढराच असतो. दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यात असतो. हेच उत्तर स्वीकारल्यास मर्ढेकरांचे लयतत्त्व वाचते: लय निर्दोष डोळ्यासाठी आहे, आणि इतरांना ती न जाणवणे हा त्यांच्या इंद्रियाचा दोष आहे.

परंतु वर उल्लेखिलेल्या संशोधनानंतर हे उत्तर पुरेसे वाटत नाही. सेरीन आणि ॲलनीन या दोन गटांपैकी निर्दोष कोणता? संख्येने अधिक म्हणून पहिला गट प्रमाण मानावा, तर तो बहुमताचा निर्णय होईल, ज्ञानाचा नव्हे. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना निळे रंग नव्याने उजळलेले दिसतात; मग एकाच व्यक्तीच्या कोणत्या वयातील दृष्टी प्रमाण मानावी? काविळीचा दाखला रोगापुरता ठीक आहे. जन्मजात व सर्वसाधारण भेदांना तो लागू केला की भेदालाच दोष म्हणण्याची सवय जडते.

याच परंपरेतील 'चित्र' या सातव्या प्रकाराने मात्र विचाराला वेगळी दिशा मिळते. निरनिराळ्या रंगांच्या धाग्यांनी विणलेल्या वस्त्राचा रंग कोणता, हा तेथे वादाचा विषय होता. रूप आपल्या आश्रयाला संपूर्ण व्यापते, असे मानल्यास एकाच वस्त्रात अनेक रंग राहू शकत नाहीत. म्हणून अखंड वस्त्राचा 'चित्र' हा एक स्वतंत्र रंग मानावा लागला. रघुनाथ शिरोमणीसारख्या नव्य नैयायिकाने हे मत नाकारले. तार्किकांचा हा पट मागावर प्रत्यक्ष कसा घडतो, हे पाहिले असता रंगांच्या संबंधांविषयी काही गोष्टी स्पष्ट होतात.

पवनीचा माग :

पवनी व भंडारा-नागपूर परिसरातील करवतकाठी साडी ही विदर्भाच्या विणकामाची ओळख आहे. साडीचे अंग कोशाच्या रेशमाचे, बहुधा त्याच्या नैसर्गिक फिकट सोनेरी छटेचे. काठ गडद रंगाचे. आणि अंग व काठ यांच्या सीमेवर करवतीच्या दातांसारखी नक्षी. ही विण तीन धोट्यांनी होते. एक धोटा अंगासाठी आणि दोन धोटे दोन काठांसाठी असतात. एकच धोटा काठापासून काठापर्यंत फिरवला तर काठाच्या उभ्या धाग्यांवरून अंगाचा आडवा धागा जातो आणि दोन्ही रंग दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यात मिसळून काठ फिका पडतो. तीन धोट्यांमुळे काठाच्या ताण्याला काठाचाच बाणा मिळतो आणि रंग भरीव राहतो. याउलट ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा मुद्दाम ठेवल्यास धूपछाव वस्त्र तयार होते; त्याचा रंग घडीनुसार व पाहण्याच्या कोनानुसार बदलतो.

मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर करवतकाठीत विरोध आहे, दोन काठांचा समतोल आहे आणि दातांच्या पुनरावृत्तीत संवाद आहे. येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. या साडीतील मुख्य विरोध केवळ वर्णाचा नाही; तो उजळ आणि गडद यांचा विरोध आहे, आणि त्याला आकाराची जोड आहे. ज्याचा तांबडा-हिरवा भेद मंद आहे त्यालाही फिकट अंग व गडद काठ यांतील अंतर आणि करवतीचे दात दिसतात. सारख्याच उजळपणाच्या तांबड्या-हिरव्या रंगांवर उभारलेली रचना अशा प्रेक्षकापुढे कोसळेल. करवतकाठी कोसळत नाही. म्हणजे लय ही एकेरी वस्तू नसून तिचे अनेक स्तर असतात आणि भिन्न दृष्टीच्या व्यक्ती त्यांपैकी भिन्न स्तरांवर तिच्यापर्यंत पोहोचतात. मर्ढेकरांनी संवेदनांच्या संबंधांवर दिलेला भर योग्य आहे. परंतु ते संबंध सर्वांना एकाच स्तरावर प्रतीत होतात, हे गृहीतक सोडावे लागते.

मागावरील एकवाक्यतेचे स्वरूपही विचारात घेण्याजोगे आहे. काठाचे सूत मध्येच संपले तर नवे सूत जुन्याशी जुळते की नाही हे नावावरून ठरत नाही. दोन्ही धागे शेजारी धरून, दिवसाच्या उजेडात पाहून ते ठरते. दिवसा एकसारखे दिसणारे दोन धागे दिव्याखाली वेगळे दिसू शकतात. येथे कोणाच्या मनातील तांबडा कसा आहे, हे कोणी विचारीत नाही. विचारले जाते ते एवढेच की हे दोन धागे सारखे आहेत काय; आणि शंका आल्यास दुसऱ्याच्या डोळ्यांची मदत घेता येते. रंगाविषयीची एकवाक्यता ही आधीच सर्वांच्या डोळ्यांत तयार नसते. ती तुलना, नमुना, प्रकाश आणि दुसऱ्याची साक्ष यांच्या साहाय्याने प्रत्येक वेळी घडविली जाते. पवनीतील हातमागांची संख्या पूर्वीच्या मानाने पुष्कळ घटली असली तरी या कार्यपद्धतीतून मिळणारा बोध कालबाह्य होत नाही.

पुण्यातील प्रकरण आणि त्याचा अर्थ :

भेद की दोष, हा वाद केवळ तात्त्विक नाही. पुण्यातील फिल्म ॲण्ड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेत चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी २०१५ साली निवड झालेल्या एका विद्यार्थ्यास वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणा आढळल्यामुळे प्रवेश नाकारण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयात त्यास दिलासा मिळाला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. चित्रपट ही अनेकांच्या सहकार्याने घडणारी कला असून एखाद्याची मर्यादा इतरांच्या साहाय्याने ओलांडता येते, अशी समितीची भूमिका होती. १२ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संस्थेचे सर्व अभ्यासक्रम रंगांध विद्यार्थ्यांना खुले करावेत आणि अभ्यासक्रमात आवश्यक ती सोय करावी, असा निर्णय दिला.

संस्थेचा पूर्वीचा नियम आणि काविळीचा दाखला यांमागील विचार एकच आहे: एक प्रमाण डोळा आहे आणि इतर डोळे सदोष आहेत. न्यायालयाच्या निर्णयामागील विचार मागावरील पद्धतीशी जुळतो. रंगाविषयीचा निर्णय एका डोळ्यावर सोपविलेला नसतो. संकलकाला दृश्यांचा क्रम, गती व उजळ-गडद यांचे संबंध कळतात. रंगाची सूक्ष्म जुळणी दुसऱ्याच्या साक्षीने होऊ शकते.

महाविद्यालयीन अध्यापनाचा संदर्भ :

साहित्याच्या अध्यापनात ही अडचण तुलनेने सौम्य आहे. मर्ढेकरांनीच साहित्याचे माध्यम संवेदना नसून भावनात्मक अर्थ आहे, असे प्रतिपादन केले आहे. संतकाव्यात एकच दैवत कधी काळे, कधी सावळे तर कधी निळे म्हटले जाते आणि वाचकाला त्यात विसंगती वाटत नाही. कारण तेथे रंगशब्द भावाचा वाहक असतो. बालकवींच्या निसर्गकवितेतील रंग ज्याला वेगळे दिसतात, तो विद्यार्थी त्या कवितेला मुकतो असे मानण्याचे कारण नाही. त्याने केलेला रंगप्रतिमेचा अर्थ मात्र चुकीचा ठरविण्यापूर्वी अध्यापकाने थांबणे इष्ट आहे.

विज्ञान व सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनात प्रश्न अधिक तीव्र होतो. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत खोडाच्या छेदावर सॅफ्रनिन व फास्ट ग्रीन यांचे दुहेरी रंजन करतात. तांबडा आणि हिरवा हीच ती जोडी. रसायनशास्त्रातील अनुमापनात रंगबदलाचा क्षण ओळखावा लागतो. भूगोलाचे नकाशे व संख्याशास्त्रातील आलेख रंगांवर विसंबतात. तांबड्या-हिरव्याचा भेद मंद असलेला विद्यार्थी येथे चुकतो तेव्हा ती चूक निष्काळजीपणाची म्हणून नोंदली जाण्याची शक्यता असते. आणि डाल्टनप्रमाणेच त्या विद्यार्थ्यालाही कारण माहीत नसते. शिनोबु इशिहारा यांची १९१७ सालापासून ज्ञात असलेली तक्त्यांची चाचणी काही मिनिटांत करता येते. आलेखात रंगाबरोबर रेषांचे प्रकार वापरणे, छेदातील ऊती स्थान व आकार यांवरून ओळखण्यास शिकविणे, अनुमापनात सहाध्यायीची साक्ष मान्य करणे, हे उपाय खर्चाचे नाहीत. करवतकाठीतही विरोध केवळ वर्णावर सोपविलेला नसतो; त्याला उजळपणाची व आकाराची जोड दिलेली असते.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की भिन्न व्यक्तींना रंगांचा अनुभव सर्वस्वी सारखाच येतो, हे गृहीतक टिकत नाही. आणि प्रत्येकाचा अनुभव बंदिस्त असून त्याविषयी काहीच कळू शकत नाही, हा निष्कर्षही टिकत नाही. दृष्टीतील भेद वास्तव आहेत, मोजता येण्याजोगे आहेत, आणि जुळणी करावयास सांगितली की ते उघड होतात. मर्ढेकरांच्या लयतत्त्वातील संबंधांवरील भर आजही ग्राह्य आहे. मात्र त्यातील सार्वत्रिकता डोळ्यांच्या समानतेवर आधारता येत नाही. ती रचनेच्या अनेकस्तरीयतेवर आणि पाहणाऱ्यांच्या परस्परसाक्षीवर आधारावी लागते. रंगाविषयी विधान करणाऱ्या समीक्षकाने आपले विधान वर्णाविषयी आहे, उजळपणाविषयी आहे की आकाराविषयी, हे स्पष्ट करावे; तसेच विद्यार्थ्याच्या उत्तरातील रंगाची चूक तपासताना अध्यापकाने ती दृष्टीच्या भेदातून आलेली नाही याची आधी खात्री करून घ्यावी.